दोन छेद पाच

मंगळवार, ३

उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. ही वही सूनबाईने मला गेल्या महिन्यात दिली आणि पहिलं पान आज उघडतोय. मधले दिवस काय लिहावं याची काळजी करण्यात गेले.

वही देण्याचं कारण असं. सूनबाई शिक्षक व्हायच्या कॉलेजात जाते. तिथे सगळ्यांना रोज लिहावं लागतं की आज पाठ कसा झाला, काय चुकलं, का चुकलं. तिने स्वतःसाठी एक वही घेतली आणि माझ्यासाठीही एक आणली. म्हणाली, "बाबा, दिवसभर काळजी बोलून दाखवता. त्यातली थोडी इथे लिहीत जा. आईंच्या कानांना तेवढीच विश्रांती."

आई म्हणजे आमची ही. ती आतून म्हणाली, "एका वहीत मावणार नाही. कागदांचं रीम आण."

शिकवायलाही शिकावं लागतं हे मला या वयात कळलं. मास्तर जन्मतःच छडी घेऊन येतात असा माझा समज होता. मी स्वतः सहावीत बसलो आणि उठलो तो थेट साबणाच्या कारखान्यात. खोकी बंद करण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे शिक्षणाबद्दल मी काही बोलू नये. तरी बोलतो.

शुक्रवार, ६

सूनबाई पाठाचा सराव आमच्यावर करते. पुढच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला तिने काळा कागद चिकटवलाय, तो फळा. वर्गात विद्यार्थी दोन, मी आणि ही. मी पहिल्या बाकावर, म्हणजे खुर्चीवर. ही मागच्या बाकावर, म्हणजे पलंगावर, शर्टांना बटणं लावत. हिचं लक्ष नसतं. विचारलं तर म्हणते, "मला शिकून कुठे जायचंय?"

कॉलेजात एकेक कौशल्य वेगळं शिकवतात. सध्या प्रबलन चालू आहे. नाव ऐकून मी घाबरलो होतो, पण गोष्ट साधी आहे. मुलाने बरोबर उत्तर दिलं की शिक्षकाने 'शाब्बास' म्हणायचं, किंवा 'छान', किंवा नुसती मान डोलवायची. नाही म्हटलं तर गुण कापतात.

काल मी सांगितलं की त्रिकोणाला तीन बाजू असतात. सूनबाई म्हणाली, "शाब्बास."

कारखान्यात इतकी वर्षं काढली, मला कोणी शाब्बास म्हणालं नाही. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले होते, "सांभाळून जा." रात्री जेवताना मी आणखी दोनदा त्रिकोणाचा विषय काढला. ही म्हणाली, "तीन बाजू असतात, कळलं. भाजी वाढू का?"

रविवार, ८

परवा वर्षाचा शेवटचा, मोठा पाठ आहे. खऱ्या शाळेत, पाचवीच्या वर्गात, मागे परीक्षक बाई बसणार. या बाईंना कॉलेजातली सगळी टाचणबाई म्हणतात, कारण पाठाचं टाचण त्यांच्या मनासारखं नसेल तर त्या वर्गात पाऊल ठेवू देत नाहीत. टाचण म्हणजे पाठ घेण्याआधी लिहायचा आराखडा. त्यात शिक्षक काय विचारणार तेही लिहायचं, आणि विद्यार्थी काय उत्तर देणार तेही. त्याला अपेक्षित उत्तर म्हणतात. विद्यार्थी अजून घरी झोपलेला असतो आणि त्याचं उत्तर इथे लिहून तयार असतं. मला ही पद्धत आवडली. काळजी कमी होते.

विषय अपूर्णांकांची बेरीज. एक छेद दोन अधिक एक छेद तीन.

हा पाठ गेला तर सगळं वर्ष गेलं. आणि आमच्या चिरंजीवांची बदली झाली आहे, महिनाअखेरीस दोघं दुसऱ्या गावी जाणार. तिथे असलं कॉलेज नाही. म्हणजे वर्ष गेलं तर शिक्षक होणंच गेलं. दहा वर्षं घर सांभाळून ती या वर्गात जाऊन बसली, तिच्याहून बारा-चौदा वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी. माझा जीव टांगणीला लागलाय. तिला तसं दाखवत नाही. फक्त सकाळी विचारलं की पेन चालतंय का, आणि दुपारी विचारलं की दुसरं पेन घेतलंयस का.

आज तीन वेळा सराव झाला. मी एकही उत्तर चुकलो नाही. "छेद समान आहेत का?" "नाही." "मग काय करायला हवं?" "छेद समान करायला हवेत." "उत्तर किती?" "पाच छेद सहा." शाब्बास, शाब्बास, शाब्बास. सूनबाईचा चेहरा उजळला. म्हणाली, "बाबांना कळलं म्हणजे पोरांना कळेलच."

इथे खाजगीत लिहितो. मला काही कळलेलं नाही. ती टेबलाशी बसून टाचण लिहिते तेव्हा तोंडाने पुटपुटते. मी पेपर धरून शेजारी बसतो. दोन-चार संध्याकाळी ऐकून सगळी उत्तरं पाठ झाली. हे मी तिला धीर यावा म्हणून केलं. शाब्बासकीचा त्यात काही भाग नाही. असला तर थोडा.

मंगळवार, १०

वाईट झालं.

सूनबाई दुपारी आली आणि चप्पल न काढता खुर्चीवर बसली. माझ्या खुर्चीवर. मी उभाच राहिलो. विचारलं, "पेन चाललं का?" हिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो.

मुलांनी भलतंच उत्तर दिलं म्हणे. एकाने नाही, साऱ्या वर्गाने. ती म्हणाली, "नाही, असं नाही." त्यांनी विचारलं, "का नाही?" ती पुन्हा म्हणाली, "छेद समान करायला हवेत." त्यांनी पुन्हा विचारलं, "का?" तिने टाचणात पाहिलं. टाचणात त्या 'का'ला जागाच नव्हती. मग ती फळ्याकडे तोंड करून बराच वेळ नुसतं लिहीत राहिली, मागे गलका वाढत गेला, आणि घंटा झाली.

टाचणबाईंनी शेरा दिला, 'पाठ पुन्हा घ्यावा.' पुढच्या बुधवारी, तोच विषय, शेजारची तुकडी. संधी एकच.

चिरंजीव संध्याकाळी म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. नाहीच जमलं तर नाही. तिकडे गेल्यावर घर लावायचंच आहे."

तो चांगल्या मनाने म्हणाला. पण सूनबाई उठून बाल्कनीत गेली आणि वाळलेले कपडे काढत बसली, ते काढून झाल्यावरसुद्धा.

मला त्या मुलांचा राग आला. पाचवीत शिकतात आणि एवढं येत नाही? इथे सत्तरीचा म्हातारा घडाघडा सांगतो.

गुरुवार, १२

आज माझं पितळ उघडं पडलं, आणि उघडं पाडलं घरच्याच माणसाने.

सूनबाई सकाळी टेबलाशी डोकं धरून बसली होती. म्हणाली, "आई, मला कळतच नाही कुठे चुकलं. घरी पाठ इतका छान होत होता."

ही सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "होणारच. तू पुटपुटायचीस आणि हे पेपराआड बसून पाठ करायचे. पेपरसुद्धा एकदा उलटा होता."

पेपर उलटा नव्हता. आडवा होता.

माझी कानशिलं तापली. मी म्हणालो, "धीर यावा म्हणून." ही म्हणाली, "कोणाला?"

मला वाटलं सूनबाई आता रडेल किंवा मला बोलेल. दोन्हींची मी तयारी केली.  तिने टाचण बंद करून बाजूला सारलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, पाठ केलेलं सोडा. खरं सांगा. अर्धा अधिक एक तृतीयांश, तुम्हाला स्वतःला किती वाटतं?"

मी म्हणालो, "जाऊ दे ना."

"सांगा. कोणी हसणार नाही."

ही म्हणाली, "मी शब्द देत नाही."

मी सांगितलं. वरचे दोन एक मिळून दोन. खालचे दोन आणि तीन मिळून पाच. दोन छेद पाच.

सूनबाईने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "वर्गात सगळ्यांनी हेच सांगितलं. अगदी हेच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पहिल्याच दिवशी माझं अडाणी उत्तर दिलं असतं तर तिला ते घरीच भेटलं असतं. मी हुशारी दाखवली आणि पोरीचा पाठ बुडवला. सगळ्या वर्गाचं मिळून एक डोकं, आणि ते माझ्या खांद्यावर, पण झाकून ठेवलेलं.

तिला माफ कर म्हणालो. ती म्हणाली, "आता एकच करा. कळलं नाही तर कळलं म्हणू नका."

हे सोपं वाटतं. नाही.

शनिवार, १४

काल मी ठरवलं की आता अस्सल पाचवीतला मुलगा व्हायचं. चुकलेलं भरून काढायला हवं. पाठ सुरू होताच मी पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं. मग हिच्या बटणांच्या डबीतलं एक बटण फळ्याकडे भिरकावलं. मग म्हणालो, "बाई, ही मला चिमटे काढते."

ही म्हणाली, "आता काढते."

सूनबाई पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा नाही. म्हणाली, "बाबा, मला खोडकर मुलगा नकोय. न कळलेला हवाय."

ते तर मी फुकट देतो. आज तिने समजावलं. छेद वेगळे असताना बेरीज होत नाही. मी विचारलं का. म्हणाली, नियम आहे. मी म्हणालो बरं. म्हणाली, "बरं म्हणू नका." मग तिने दोन वर्तुळं काढून रंगवली. मग दुकान आणलं, मग पाण्याची टाकी. प्रत्येक वेळी शेवटी विचारायची, "मग किती?" मी प्रामाणिकपणे म्हणायचो, "दोन छेद पाच."

पालथ्या घड्यावर पाणी. घड्याला तरी वाईट वाटत नसेल.

दुपारपर्यंत तिचा आवाज चढायला लागला आणि माझा उतरायला. एकदा 'कळलं' हा शब्द अगदी दातांपर्यंत आला. तेवढं म्हटलं असतं तर सगळ्यांना चहा मिळाला असता. गिळला. चहा उशिरा झाला. ही मला म्हणाली, "एवढं कसं शिरत नाही हो?" सूनबाईच मध्ये म्हणाली, "असू द्या, आई. नाहीच शिरत. माझंच बघायला हवं."

मला जास्त लागलं ते तिचं बोलणं. चूक माझी आणि पोरगी अंगावर घेते.

सोमवार, १६

आज सूनबाई फळ्याशी उभीच राहिली नाही. माझ्यासमोर टेबलाशी बसली. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. एकीची दोन भागांत घडी, एकीची तीन भागांत. अर्धा तुकडा ठेवला, शेजारी तिसरा हिस्सा ठेवला. "किती?"

"तुकडे दोन. घड्यांचे भाग एकूण पाच. दोन छेद पाच."

मी चुकलो असं ती म्हणाली नाही. बरोबरही म्हणाली नाही. तिसरी पट्टी घेतली, तिचे पाच सारखे भाग केले, त्यातले दोन कापून माझ्या हातात दिले. "हे झाले दोन छेद पाच. हे त्या अर्ध्याशेजारी ठेवा."

ठेवले. अर्ध्या पट्टीहून आखूड.

मी पुन्हा नीट लावून पाहिले. आखूडच. म्हणालो, "तू पट्टी नीट कापली नाहीस."

"मोजून बघा."

हिची टेप आणली. मोजली. पट्टी बरोबर होती. सूनबाई गप्प. मला वाटलं, आता सांगेल. नाही सांगितलं. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पलंगावरची सुईसुद्धा थांबली होती.  माणसाने एवढं गप्प बसू नये, समोरच्याला विचार करावा लागतो.

मग मी म्हणालो, "अर्धा होता. त्यात आणखी घातलं. आणि झालं अर्ध्याहून कमी? घातलेलं गेलं कुठे?"

ती एवढंच म्हणाली, "कुठे गेलं?"

मला सांगता येईना. पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या. हा तुकडा मोठा, हा लहान. दोघांना एक एक म्हणून मोजत होतो मी. लहानमोठे तुकडे एका मापाने कसे मोजायचे? आधी सारखे करायला हवेत. मी अर्ध्याच्या घड्या घातल्या. दुसऱ्याच्याही घातल्या. आधी चुकल्या, कागद चुरगळला, नवीन घेतला. शेवटी इकडे तीन बारके, तिकडे दोन बारके. आणि तसले सहा मिळून एक पट्टी.

"पाच छेद सहा," मी म्हणालो.

हेच उत्तर त्या आठ तारखेच्या रविवारी मी तीनदा दिलं होतं. पण तेव्हा ते नुसतं तोंडात होतं.

 सूनबाईचे डोळे भरून आलेले दिसले, ताण आहे बिचारीला. शाब्बास म्हणायची साफ विसरली. परीक्षेत विसरली तर गुण जातील, म्हणून मी लगेच आठवण केली. तर हसायलाच लागली.

ही म्हणाली, "चला. सहावी पास झाले." मी म्हणालो, पाचवी. खोटं कशाला.

बुधवार, १८

 सूनबाई गेली तेव्हा तीन पेनं दिली. दुपारी तिचा हिच्या फोनवर एकच शब्द आला, 'झालं.' झालं म्हणजे काय झालं? चांगलं झालं की होऊन गेलं? हिला विचारलं तर म्हणते, "झालं म्हणजे झालं." मी दारात उभा राहिलो, मग खिडकीत, मग पुन्हा दारात.

आली ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. आधी पाणी प्यायली. मग सांगितलं.

या तुकडीनेही दोन छेद पाचच सांगितलं, एकसुरात. तिने पट्ट्या वाटल्या. बाकाबाकावर पोरं वाकली. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमची पट्टी चुकली आहे." सूनबाई म्हणाली, "मोजून बघ." आणि मग गप्प राहिली.  मागे टाचणबाईंनी घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. ती म्हणते, त्या वेळी तिला वाटलं की आता सांगूनच टाकावं. तरी थांबली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "पण मग कमी कसं झालं?" आणि एकदम सगळीच बोलायला लागली.

घंटा झाली तेव्हा फळ्यावर उत्तर लिहूनसुद्धा झालं नव्हतं. पोरं मधल्या सुट्टीत बाहेर जाईनात, घड्या घालत बसली.

टाचणबाईंनी विचारलं, "ही पाचाची पट्टी टाचणात नव्हती. कुठून आली?" सूनबाई म्हणाली, "घरी एक विद्यार्थी आहे." झालं. आता कॉलेजभर माझं अज्ञान जाहीर झालं.

शेरा मिळाला तो असा: 'पाठ मान्य. वेळेचे नियोजन सुधारावे.'

मान्य झालं, त्याचा आनंद झालाच. हिने चहात साखर जास्त घातली. पण ते वेळेचं नियोजन माझ्या डोक्यातून जात नाही. एवढा चांगला पाठ आणि उत्तर लिहायला वेळ उरला नाही. तो दोष माझा आहे. तिने सराव कोणावर केला? सगळ्यात मंद माणसावर. त्याच्यासाठी थांबायची सवय लागली, ती तिथे नडली. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हो बाबा, तुमच्यामुळेच," आणि माझ्या पाया पडली. रागावली असती तर पाया पडली नसती, म्हणून थोडं बरं वाटलं.

रविवार, २९

आज दोघं गेली. सामान जास्त नव्हतं. तिकडे एका शाळेत तिला सध्या तात्पुरती जागा मिळाली आहे, पुढच्या आठवड्यात सुरू. टॅक्सी वळेपर्यंत मी सांगत होतो की खिडकीतून हात बाहेर काढू नका. दोघांपैकी कोणी काढला नव्हता.

घर एवढं मोठं कधी झालं कळलं नाही. ही म्हणाली, "कपाटाचा तो कागद काढा आता, भयाण दिसतो." म्हणालो, काढतो.

शनिवार, ५

कागद अजून काढलेला नाही. रोज जेवणानंतर थोडी गणितं करतो. ही पलंगावर असते, बटणं आता फारशी उरली नाहीत, नुसती बघत बसते. काल म्हणाली, "ते तिसरं चुकलंय." तपासलं. चुकलं होतं. ही इतके दिवस लक्ष देत होती तर.

आता अडचण अशी आहे. सूनबाईला फोनवर लिहायचंय, पण एका बोटाने टाइप करताना मधलं विसरतो. म्हणून आधी इथे कच्चं लिहून काढतो, मग उतरवीन.

सूनबाईस आशीर्वाद. आमची काळजी नको, ती मी करतोय. तुझी शाळा या आठवड्यात सुरू झाली असेल. मुलं चुकीची उत्तरं देतात का? देत नसतील तर पुन्हा नीट विचारून बघ, कोणीतरी पेपराआड बसलेलं असेल.

मी आता भागाकारावर आलोय. अर्ध्याला एक तृतीयांशाने भागायचं. शेजारच्या कॅशियरना विचारलं. ते म्हणाले, "खालचा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं." केलं. दीड आलं. अर्धा भागला आणि दीड झाला? भागून वाढलं कसं? त्यांना विचारलं का, तर म्हणाले, "असतंच तसं." आता असतंच तसं म्हटलं की माझं जेवण जात नाही. ही त्यांच्यावरही चिडलीय आणि माझ्यावरही.

पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. पुढे काय करायचं सुचत नाही. तू उत्तर सांगू नकोस, सांगितलंस तर मी पाठ करून टाकीन, माझा भरवसा नाही. फक्त काय विचारायचं ते कळव. एक ओळ पुरे. पण लवकर कळव, आम्ही दोघं पट्ट्या घेऊन बसलोय.